गंगूचं सासर

माझ्या अक्षराला कुणी हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून चुकतं आणि ओळ जिथे सुरू होते तिथून बोटभर खाली जाऊन संपते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून दुपारी भांडी घासून झाली की मुलाच्या जुन्या वहीत लिहीत बसते. कुणाला दाखवायला नाही. पण व्यंकूअण्णांविषयी लिहायचं तर कुणाला तरी समोर बसवून सांगितल्यासारखंच लिहावं लागेल. अण्णा हा मनातल्या मनात लिहिण्यासारखा माणूस नाही.

अण्णा आमचे घरमालक. जयनगरात त्यांचं जुनं बैठं घर आहे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. आमचे हे चिकपेटला साडीच्या दुकानात कामाला आहेत.

अण्णा कुणाला भेटले की नमस्कार म्हणत नाहीत. विचारतात, "अंघोळ झाली काय?"

भाजीवालीला विचारतात, पोस्टमनला विचारतात, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला कानडीत विचारतात, "स्नाना आय्ता?" उत्तराची मात्र वाट बघत नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडे बघून स्वतःच निकाल देतात. एकदा निवडणुकीचा उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला. मागे ढोल, पुढे हार. अण्णांनी चष्मा वर करून त्याला न्याहाळलं आणि म्हणाले, "झालीय, पण गीझरची. वरवरची."

तो बिचारा म्हणाला, "सर, मत..."

"मत देऊ की. आधी हाडापर्यंत तापून ये."

हा अण्णांचा शब्द. हाडापर्यंत. त्यांचं म्हणणं असं, की गीझरचं पाणी कातडीला कळतं, हाडाला कळत नाही. लाकडावर तापलेलं पाणी सावकाश तापतं, म्हणून ते सावकाश आत जातं आणि संध्याकाळपर्यंत आत राहतं. हे शास्त्र खरं की खोटं मला माहीत नाही. पण त्यांनी तो शब्द सगळीकडे लावून टाकला होता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बाय-टू, म्हणजे दोघांत एक, कॉफी घेतली तरी पेला खाली ठेवून सांगायचे, "सरी, बरी आहे, पण हाडापर्यंत नाही गेली." भजन ऐकून आले तर तेच. एकदा कुणाच्या मयताला जाऊन आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "सून रडत होती की. पण वरवर."

हाडापर्यंत पाणी तापवणारी होती ती गंगू. गंगू म्हणजे न्हाणीतला तांब्याचा बंब. उंचीला माझ्या कमरेएवढा, मधून नळकांडं, खाली जाळी, बाजूला पितळेची तोटी. अण्णा तिला 'ती' म्हणत आणि आम्हालाही म्हणायला लावत. शांताक्का, म्हणजे अण्णांची बायको, निपाणीहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी बरोबर दिलेली. "सासऱ्यानं मुलगी दिली, आणि मुलीबरोबर पाठराखीण दिली," अण्णा सांगत. "मुलगी चार दिवसांत रुळली. पाठराखीण मात्र महिनाभर नुसती धुमसत होती. इथलं लाकूड तिला पसंत नव्हतं."

शांताक्का मी बघितल्या नाहीत, आम्ही राहायला येण्याआधीच त्या गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी इथेच लिहून टाकते, कारण अण्णा ते कधी बोलत नाहीत. शांताक्का गंगूला 'आमची थोरली' म्हणायच्या, हे मला समोरच्या तुंगक्कांनी सांगितलं. तुंगक्का वयाने अण्णांहून मोठ्या आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीत अण्णांना 'अरे व्यंकू' म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

गंगूच्या खाण्यासाठी अण्णा जी वणवण करत ती बघण्यासारखी होती. शहाळेवाल्याकडून रिकामी शहाळी पोतं भरून आणायची आणि कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने वाळत घालायची. नवखा माणूस दुरून बघायचा तर त्याला वाटायचं, भिंतीवर डोकीच ठेवलीत. महापालिकेची माणसं रस्त्यावरची झाडं छाटायला आली की अण्णा त्यांच्या मागे पिशवी घेऊन. गुलमोहराची फांदी नाकाला लावून म्हणायचे, "हे नको. नुसतं हसतं, जळत नाही." माणसांनाही त्यांनी अशीच लाकडं वाटून दिली होती. वॉचमन म्हणजे करवंटी, एकदम भडकतो आणि एकदम शांत. आमचे हे चिंचेचं लाकूड. मला मात्र म्हणाले होते, "रुक्मव्वा, तू ओलं लाकूड गे. असूदे, असूदे. ओलं एकदा पेटलं की मग लवकर विझत नाही."

आम्ही नवीन आलो तेव्हा थंडीचे दिवस होते. मी खानापूरकडच्या खेड्यातली. कानडी येत नव्हतं, मराठीही तोंडातून निघत नव्हतं. पहिल्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर वाफाळती बादली. कोण ठेवून गेलं कळेना. मी घाबरून तिला हात लावला नाही. थोड्या वेळाने न्हाणीकडून आवाज आला, "बादली तेवढी परत दे. पाणी परत देऊ नकोस, मी ते वापरणार नाही!"

त्यानंतर रोज बादली. पावसात, सणाला, अण्णांना ताप असला तरी.

मग अण्णांना खोकला लागला. साधा नव्हे. पायरी चढताना भिंत धरायचे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, धूर बंद. चुलीचा, उदबत्तीचा, कसलाच नको.

"डॉक्टर गीझरचा माणूस," अण्णा घरी येऊन म्हणाले. पण घाबरले होते. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर गीझर बसला. त्याच्याखाली अंघोळ करून बाहेर आले ते थंड पाण्याने भिजलेल्या मांजरासारखे.

गंगू न्हाणीत तशीच उभी. शनिवारी तिला चिंचेने घासायचा नेम अण्णांनी मोडला नाही. पण घासून झाल्यावर तिच्यासमोर पाटावर बसून राहायचे. एकदा मी कपडे धुवायला गेले तर म्हणाले, "रुक्मव्वा, खरं सांग. हिला अशीच ठेवू, की देऊन टाकू?"

 मी पदर चाचपत उभी राहिले.

"ठेवली तर डोळ्यांसमोर राहील," ते म्हणाले. "पण न पेटवता ठेवायची म्हणजे कसं गे? लग्नाच्या मुलीला आपल्याला करमत नाही म्हणून घरात बसवून ठेवल्यासारखं. तिचं वय चाललंय. तांबं आहे, वापरलं नाही तर रुसतं."

असे दोन-तीन आठवडे ठेवू-देऊ, ठेवू-देऊ चाललं. रोज सकाळी देऊन टाकायचं ठरायचं आणि संध्याकाळी मोडायचं. शेवटी एका सकाळी अण्णांनी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून जाहीर केलं, "देणार. पण स्थळ बघून."

आम्हाला वाटलं चेष्टा आहे. होतीही. पण अण्णांची चेष्टा फार गंभीर असते.

पहिलं स्थळ चिकपेटचंच, आमच्या ह्यांच्या ओळखीचा भांड्यांचा व्यापारी. त्याने गंगूवर बोटाने टकटक केलं आणि काटा काढला. "मोडीच्या भावाने घेतो अण्णा. वजन करू या."

"मुलगी बघायला आलास की बोकड?" अण्णा म्हणाले. तो काटा गुंडाळून गेला.

दुसरा आला तो कॉफीचं मोठं हॉटेल काढणारा मुलगा. केसांची शेंडी बांधलेली. त्याला गंगू फारच आवडली. चारी बाजूंनी फोटो काढले. म्हणाला, हिला दारात उभी करणार, पोटात पिवळा दिवा लावणार, लोक येऊन हिच्याबरोबर फोटो काढतील.

"पाणी?" अण्णांनी विचारलं.

"नाही अंकल, पाणी नाही. नुसती शोभा."

"दारात उभी करून लोकांना दाखवणार?" अण्णांचा आवाज चढला, खोकला आला, मी पाणी आणून दिलं. "घरंदाज आहे ती! ऊठ!"

तिसरं स्थळ नागपूरचं. नवरा-बायको दोघंही इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत. तिचं नाव मेघा, त्याचं रोहन. मेघाला दिवस गेले होते आणि तिची आई, मालूताई, बाळंतपणासाठी नागपूरहून येऊन राहिल्या होत्या. बंब हवा होता तो मालूताईंना. नातवंडाची न् लेकीची अंघोळ गीझरवर होणार नाही, असं त्यांनी जावयाला बजावलं होतं. त्या आल्या आणि थेट न्हाणीत शिरल्या. तोटी फिरवून बघितली, झाकण उचललं, नळकांड्यात डोकावल्या.

"काहो भाऊ, पाणी किती वेळात तापते याच्यात?"

"घाई असेल त्यांनी गीझर घ्यावा," अण्णा म्हणाले.

"घाई नाही जी. पण तापलं पाहिजे बरोबर. नुसतं वरून गरम होऊन काय उपयोग, बाप्पा? बाळंतिणीच्या हाडात गेलं पाहिजे."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की हा शब्द जगात आणखी कुणाजवळ असेल हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

तरी लगेच हो म्हणतील तर अण्णा कसले! "आधी घर बघणार," ते म्हणाले. रोहन हसला. अण्णा हसले नाहीत. पुढच्या रविवारी अण्णा, मी आणि आमचे हे, असे मुलीकडचे तिघे बसने इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे गेलो. त्या दिवसांत मेट्रो तिकडे जात नव्हती. अण्णांनी उन्हात कोट घातला होता.

घर चांगलं होतं. शहराने गिळलेल्या एका खेड्यातलं बैठं घर, मागे अंगण, कढीपत्त्याचं झाड, पलीकडे घरमालकाच्या गाई. अण्णांनी वारा कुठून येतो ते धोतराचं टोक धरून बघितलं. बोअरचं पाणी तोंडात घेऊन थुंकलं. "खारं आहे. पोटात खपल्या धरतील. महिन्यातून एकदा चिंचेचं पाणी घालायचं." अंगणात इमारतीच्या कामावरून आणलेल्या फळ्यांचा ढीग होता. एकेक फळी उलटी करून म्हणाले, "खिळे काढल्याशिवाय एकही घालायची नाही. आणि पाणी भरल्याशिवाय काडी ओढायची नाही. जोड सुटले तर मी विचारायला येईन."

मेघाने कॉफी आणली. अण्णांनी हात जोडले. "नको. मुलीच्या सासरी आम्ही काही घेत नाही."

"अजून दिली कुठे आहे?" मालूताई म्हणाल्या.

"घर आत्ताच पसंत पडलं," अण्णा म्हणाले, आणि कॉफी आम्हालाही मिळाली नाही.

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा मला वाटलं अण्णा नको म्हणतील. पण त्यांनी किंमत सांगितली, आणि कमी नाही सांगितली. परतताना बसमध्ये ह्यांना कारण सांगितलं. "फुकट आलेली वस्तू माणूस कोपऱ्यात टाकतो. पैसे मोजले की जपतो." अट मात्र एक घातली होती. पहिल्या दिवाळीला तिला माहेरी पाठवायचं. दोघं नवरा-बायको हसून हो म्हणाली होती. मालूताई न हसता म्हणाल्या होत्या, "हे तर रीतच आहे जी."

गंगू गेली त्या दिवशी अण्णांनी तिला अशी घासली होती, की तिच्यात आमची तोंडं दिसत होती. मी हळद-कुंकू लावलं, नारळ आणि खण ठेवून ओटी भरली. टेम्पोवाल्याने कानडीत विचारलं, "काय यजमान, लग्न की काय?"

"हौदु, होय," अण्णा म्हणाले. "स्वल्प सावकाश चालव. नाजूक आहे."

टेम्पो निघताना "चिमटा राहिला, चिमटा" म्हणत ते आत गेले. चिमटा मी आधीच गंगूबरोबर बांधून दिला होता, हे त्यांना माहीत होतं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. तुंगक्का पलीकडच्या कट्ट्यावरून ओरडल्या, "अरे व्यंकू, आत काय पोळ्या लाटतोस काय?"

त्यानंतर रोज सकाळी फोन. "पाणी तापलं काय? नळकांड्यातली राख काढली काय? रात्री झाकण घालता की नाही?" रोहन सुरुवातीला हसून उत्तरं द्यायचा, मग फोन मालूताईंकडे द्यायला लागला. त्या दोघांचं मग बोलणं लांबायचं. श्रावणात मेघाला मुलगी झाली. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. तुंगक्का म्हणाल्या, "तुझं काय रे त्यात?" अण्णा म्हणाले, "पाणी आमचं."

बाळाचं नाव अन्वी ठेवलं. अण्णांना ते पटलं नाही. "हाक मारायला पुरत नाही. तोंड उघडेपर्यंत संपतं." ते तिला धाकटी म्हणू लागले.

आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. इथले लोक नीर तुंबो हब्ब म्हणतात. न्हाणीतली भांडी घासूनपुसून, त्यांना चुन्या-कावेचे पट्टे ओढून पाणी भरून ठेवायचं आणि पहाटे त्या पाण्याने न्हायचं. त्या संध्याकाळी बोलल्याप्रमाणे टेम्पो आला. त्यात गंगू, आणि मागून गाडीतून मेघा, रोहन, मालूताई आणि धाकटी. अण्णांनी गंगूची दृष्ट काढली. मग तिच्याभोवती फिरून तपासली. कुठे पोचा नाही, तोटी गळत नाही, पोट स्वच्छ. "बरी नांदते आहे," म्हणाले.

तेवढ्यात तुंगक्का फराळाचं ताट घेऊन आल्या. सगळ्यांची ओळख झाली. गंगूच्या गळ्यातला झेंडूचा हार बघून त्यांना मौज वाटली. "मग व्यंकू, लेकीला काय काय दिलंस लग्नात?"

"दिलं काय, अण्णांनी पैसे घेतले," रोहन सहज म्हणाला. "चांगले मोजून घेतले."

तुंगक्का ताट हातात धरून अण्णांकडे बघत राहिल्या. "मुलगी देऊन पैसे घेतलास होय रे?"

चेष्टेतच म्हणाल्या. सगळे हसले. पण अण्णांचं तोंड उतरलं ते उतरलंच. त्यांनी स्वतः मांडलेल्या खेळात हे एक घर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडे मुलीचे पैसे घेणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. अण्णा उठून न्हाणीच्या पायरीवर जाऊन बसले.

पाहुणे मुक्कामाला राहिले, आणि पहाटे बंब मी पेटवला. अण्णा शेवग्याच्या झाडाखाली, धुरापासून लांब खुर्ची टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडत राहिले. मालूताईंनी पाय लांब करून धाकटीला त्यावर निजवलं आणि तेल जिरवून पाणी घातलं. ती आधी रडली, मग गप्प झाली, मग तिने जांभई दिली.

"मालूताई," बाहेरून आवाज आला. "हाडापर्यंत गेलं काय?"

"भाऊ, हिला हाडं कुठं आली अजून!" मालूताई म्हणाल्या.

दिवाळी झाली, गंगू सासरी परत गेली, आणि अण्णांनी पैसे परत करायला काढले. रोहनने हात जोडले, नको म्हणाला. अण्णा ऐकेनात. बरं, द्यायचेच तर फोनवरून पाठवा काका, तो म्हणाला. "फोनवरून घेतले होते काय? हातानं घेतले, हातानंच देणार. थोडे थोडे. एकदम जमणार नाही."

एव्हाना जयनगरातून तिकडे मेट्रो सुरू झाली होती. दर रविवारी अण्णा कोट घालून निघायचे आणि संध्याकाळी यायचे. "दिले थोडे," एवढंच सांगायचे. मग धाकटीने काय केलं ते रात्रीच्या जेवणापर्यंत सांगत बसायचे. ती पालथी पडली. तिने त्यांचा चष्मा ओढला. तिला जाळावर करवंटी तडकल्याचा आवाज ओळखता येतो. तिथे मात्र पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. "पैसे फिटू देत," म्हणायचे. मालूताईंनी किती वेळा ताट वाढलं, किती वेळा उचललं.

मला वाईट वाटायचं. वाटायचं, पैसे औषधाला गेले असतील, आता पोटाला चिमटा काढून फेडतायत. मग एकदा अण्णांचा देव्हारा पुसताना मागे एक पाकीट दिसलं. रोहनच्या कंपनीचं नाव छापलेलं, तेच, ज्यातून त्याने पैसे दिले होते. ते मी बघितलं होतं. पाकीट उघडं होतं आणि आत अजून नोटांची जाड थप्पी होती. अण्णांनी त्यातला एक रुपयाही कधी खर्च केला नव्हता. सगळे पहिल्याच दिवशी परत करता आले असते.

मी पाकीट होतं तसं ठेवलं.

नंतर माझ्या लक्षात येऊ लागलं. आधी दर रविवारी दोन-चार नोटा जायच्या. मग एक. पाकीट पातळ झालं तसे अण्णा चिडचिडे होऊ लागले. एका शनिवारी मला हाक मारून पाचशेची नोट हातात दिली. "रुक्मव्वा, इस्त्रीवाल्याकडून शंभर-शंभर करून आण." मी आणून दिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. न बोलण्याची मला सवय आहे, ती त्या दिवशी पहिल्यांदा कामी आली.

शंभराच्या नोटाही संपत येतात. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. कोट, पिशवी. "चल गे माझ्याबरोबर. शेवटचे द्यायचे आहेत. मुलीकडची एखादी बाई असलेली बरी." मेट्रोत खिडकीबाहेर बघत बसले. एवढा बोलणारा माणूस, पण स्टेशनांची नावंसुद्धा वाचली नाहीत.

अंगणात गंगू धुमसत होती. कढीपत्त्याखाली धाकटी चटईवर बसली होती, अण्णांना बघून तिने दोन्ही हात वर केले. अण्णांनी तिला उचललं नाही. आधी मालूताईंसमोर उभे राहिले आणि ती नोट दोन्ही हातांनी पुढे केली. मालूताईंनी ती घेतली, कपाळाला लावली आणि देवापुढे ठेवली.

"फिटले," अण्णा म्हणाले.

"फिटले जी."

 अण्णा दाराकडे वळले. "येतो. गुढीपाडव्याचा दिवस, तुमची कामं असतील."

मालूताई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काहो भाऊ, अंघोळ झाली का?"

सगळ्या जगाला हे विचारणारा माणूस, आणि त्याला मात्र हे कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. अण्णा उभे राहिले. उगादीचा दिवस. या दिवशी आमच्याकडे तान्ह्या पोरालाही न्हाऊ घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढत नाहीत.

"नाही," अण्णा म्हणाले.

मालूताईंनी गंगूच्या तोटीखाली बादली भरायला लावली. अण्णांनी कोट काढून माझ्या हातात दिला, आणि पिशवीतून पंचा काढला. घडी घातलेला, धुतलेला. घरून निघतानाच ठेवलेला.

मी धाकटीला मांडीवर घेऊन न्हाणीबाहेर बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या, मग थोडं थांबणं, मग तांब्या.  

बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते आणि अंगातून वाफ निघत होती. मला कुठून धीर आला कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आपणहून काही विचारलं.

"हाडापर्यंत गेलं काय अण्णा?"

त्यांनी पंचा तोंडाला लावला. पुसत राहिले. तोंड केव्हाच कोरडं झालं असणार, तरी पंचा खाली येईना. धाकटीने हात लांबवून त्याचं टोक धरलं आणि ओढलं, तेव्हा आला.

मग ते पाटावर बसले आणि त्यांनी पुरणपोळी खाल्ली, वर दोन पेले पाणी प्याले. निघताना "चल, मेट्रो चुकेल," म्हणाले. मेट्रो काही चुकत नसते, एक गेली की मागून दुसरी येते. ते त्यांनाही माहीत होतं.

पैसे पूर्ण फिटले होते. त्या घराचं आता अण्णांकडे काही येणं नव्हतं, आणि पुढच्या रविवारी तिकडे जायला त्यांच्याकडे काही कारण उरलं नव्हतं. वाटेत पिशवी माझ्या हातात होती. हलकी लागली म्हणून आत बघितलं. पंचा नव्हता. ओला पंचा ते मालूताईंच्या दोरीवर वाळत घालून आले होते.